घरात कोणी घेत नाही

"आमच्या घरात कोणी घेत नाही." लग्न होऊन धाड या गावी आले तेव्हापासून मी हे वाक्य बोलत आले आहे. मुलीला पाहायला आलेल्यांना सांगितलं, अंगणवाडीतल्या मॅडमना सांगितलं, ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगितलं. आमचे हे, म्हणजे भगवंतराव, दर बाजाराच्या दिवशी आपल्या मोटार वाइंडिंगच्या दुकानाचं शटर अर्धं पाडून क्वार्टर घेतात, हे अख्ख्या धाडला माहीत आहे. बाटली कुठं असते हे मला माहीत आहे. दुकानात एक भंगारातली पाणबुडी मोटार पडली आहे, तिच्या पोकळ नळकांड्यात. घरी येताना ते दाढेखाली लवंग धरतात. मला वास येत नाही असं त्यांना वाटतं, आणि त्यांना तसं वाटू देणं ही माझी नोकरी. त्या माणसानं पिऊन कधी आवाज चढवला नाही, नाहीतर मी ही नोकरी केव्हाच सोडली असती.

यंदा दिवाळीला माझा मुलगा ऋत्विक पुण्याहून आला तो मोठी पिशवी घेऊन. भाऊबीज झाली की तो कॅनडाला जाणार होता, नोकरीसाठी. दोन वर्षं तरी येता येणार नाही, हे त्यानं आधीच सांगून टाकलं होतं. मी चकल्या तळत होते. तो पिशवी घेऊन स्वयंपाकघरात आला, दार लोटलं आणि टॉवेलात गुंडाळलेल्या तीन बाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या.

"आई, रागावू नको. याला बर्बन म्हणतात. अमेरिकेतली व्हिस्की. मक्याची करतात. आपल्या गच्चीवर वाळतोय ना, तसल्याच मक्याची."

"मक्याची दारू पुण्याहून आणली? इथं काय मका कमी पडला होता?"

तो हसला. "फार महागाच्या नाहीत गं. पहिल्यांदा घेणाऱ्यालाही जड जाऊ नयेत अशाच बघून आणल्यात. आम्ही मित्र दिवाळीत असंच करतो. तिन्हीतली थोडी थोडी घ्यायची, आधी वास, मग सावकाश चव, आणि कोणती आवडली ते सांगायचं. पिऊन पडायचं नसतं." मग त्यानं आवाज खाली आणला. "जायच्या आधी एकदा बाबांसोबत बसायचंय. आमचं बोलणं म्हणजे काय, पोचलास का आणि जेवलास का. बसलो तर दोन गोष्टी जास्त बोलू. बाबा घेतात ना गं?"

झाऱ्यातल्या चकलीचं तेल निथळत होतं.

"छे. तुह्या बापानं आजवर हात नाही लावला," मी म्हणाले.

विचार करून बोलले नाही. शिंक यावी तसं तोंडातून आलं.

"खरंच?"

"मंग मी काय खोटं बोलते?"

त्याचा चेहरा उतरला. लहानपणी सहलीचे पैसे नाहीत म्हटल्यावर तो असाच गप्प व्हायचा. त्यानं बाटल्या पुन्हा टॉवेलात गुंडाळल्या, एक चकली उचलली आणि निघून गेला. मला माझा राग आज येतो, त्या वेळी आला नाही. त्या वेळी उलट बरं वाटलं. बापासमोर पोरगा तंबाखूची पुडी काढत नाही असलं आमच्याकडचं वळण, आणि हे दोघं समोरासमोर पेले घेऊन बसणार! मला वाटलं, मी दोघांचीही लाज राखली. लाज राखण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

पाडव्याला दुपारी ऋत्विक ती पिशवी खांद्याला लावून निघाला. बुलढाण्याला शाळेतले मित्र जमणार आहेत, त्यांच्याकडे जातो, म्हणाला. बाबा घेत नाहीत तर तिथं बसतो, हे त्याला म्हणावं लागलं नाही. आमचे हे त्या वेळी न्हाव्याकडे गेले होते.

ते परत आले ते गुळगुळीत दाढी करून. आंघोळ केली, नवा शर्ट घातला. सोबत फुटाण्यांची आणि खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी होती.

"चार पापड भाजून दे," मला म्हणाले, आणि प्लास्टिकच्या दोन खुर्च्या उचलून गच्चीवर चालले.

"दोन काऊन?"

"पाहुण्या माणसाले बसाले लागते."

"कोणता पाहुणा येऊन राह्यला?"

ते जिन्यात थांबले. "तुह्या पोराच्या पिशवीत काचा वाजत होत्या. एसटीतून म्याच उतरवली ती." एवढं बोलून मिशीतल्या मिशीत हसले आणि मान वळवून वर गेले. इतक्या वर्षांच्या संसारात ते याहून जास्त कधी कबूल झाले नव्हते. मी काय केलं? पापड भाजले.

फोन माझ्या कमरेला खोचलेला होता. 'घरी ये, बाबा वाट पाहून राह्यले,' एवढंच ऋत्विकला म्हणायचं होतं. धाडहून बुलढाणा काही फार लांब नाही, जीपनं तासाभरात आला असता. पण तसं म्हटलं असतं तर मी खोटं बोलले हे पोराला कळलं असतं, आणि मला सगळं माहीत आहे हे त्याच्या बापाला कळलं असतं. मी पापडांची ताटली घेऊन वर गेले. त्यांनी दोन्ही खुर्च्या वाळत घातलेल्या मक्याच्या कडेला समोरासमोर मांडल्या होत्या, आणि मधे स्टूल.

खाली पणत्या लावायची वेळ झाली तरी ते तिथंच होते. शेवटी त्यांनीच विचारलं.

"ऋत्विक कुठी गेला?"

"बुलढाण्याले. दोस्तायकडे."

"पिशवी घेऊन?"

"हाव."

त्यांनी दोन फुटाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिले. "बरं केलं. म्हाताऱ्यासंगं त्याले काय मजा येणार हाये." मग खुर्च्या एकात एक घालून स्वतःच खाली घेऊन आले. पापडांना हातही लागला नव्हता. त्या ओळखीच्या लवंगेचा वास त्या दिवशी आला नाही, हे मला रात्री जेवायला वाढताना जाणवलं.

भाऊबीजेनंतर ऋत्विक निघाला. जाताना त्यानं ती पिशवी माझ्याकडे दिली. "आई, हे सोबत नेत नाही. कुणाला तरी देऊन टाक." मी न उघडताच ती तांदळाच्या टाकीमागे सरकवली. स्टँडवर त्यानं बापाच्या पाया पडून घेतलं. "पोचला की फोन कर," हे म्हणाले. "हो बाबा. जेवत जा वेळेवर," तो म्हणाला. एसटी सुटली. दोन वर्षांसाठी जाणाऱ्या पोराशी बापाचं एवढंच बोलणं झालं, आणि याला मी कारण होते.

मग मला जेवण गोड लागेना. तांदूळ काढायला गेलं की पिशवी दिसायची. मका पोत्यांत भरायच्या दिवशी, संध्याकाळी हे गच्चीवर दमून बसले होते, तेव्हा मी ती पिशवी आणि स्टीलचे तीन पेले घेऊन वर गेले. स्टुलावर बाटल्या एकेक करून ठेवल्या. ते आधी बाटल्यांकडे आणि मग जिन्याकडे पाहायला लागले, कोणी येतंय की काय म्हणून.

"हे काय?"

"मक्याची हाये म्हणे. पोरानं तुमच्यासाठी आणली होती."

"माह्यासाठी?"

"जायच्या आधी तुमच्यासंगं बसाचं होतं त्याले. मले इचारलं, बाबा घेतात का. म्या नाही म्हणलं."

"काऊन?" त्यांनी एवढंच विचारलं. रागानं विचारलं असतं तर मी भांडले तरी असते. मी पेले पदरानं पुसून मांडले.

त्यांनी एक बाटली उचलून उजेडात धरली, दुसरी धरली, तिसरी धरली. "सुभद्रा, हे त उघडलीच नाही."

मी पाहिलं. तिन्ही बाटल्यांची सीलं जशीच्या तशी होती. पोरगा बाटल्या बुलढाण्याला घेऊन गेला होता आणि तशाच परत घेऊन आला होता. मी मक्याच्या पोत्यावर बसले आणि पदर तोंडाला लावून रडले. ह्यांनी मला गप्प केलं नाही.

मग त्यांनी सीलं फोडली. ऋत्विकनं मला सांगितलं होतं तसं मी त्यांना सांगितलं, आधी वास, मग सावकाश चव. पहिलीला ते म्हणाले, नव्या लाकडी पेटीत नाक घातल्यासारखं वाटते. तिसरी घशाला चरचरली. मधलीचा घोट घेतल्यावर त्यांनी डोळे मिटले. "गुळाची काकवी करपली की जसा वास सुटते ना, तसं हाये. पाह्य तू बी." मी जिभेचं टोक लावलं. माझं तोंड भाजलं, पण काकवी खरंच होती.

तेवढ्यात फोन वाजला. ऋत्विकचा व्हिडिओ कॉल. तिकडे तेव्हा सकाळ असते, कामाला निघायच्या आधी तो लावतो. हे ताडकन उठले, तिन्ही पेले पोत्यांच्या मागे सरकवले, बाटल्यांवर उपरणं टाकलं आणि खिशातून लवंग काढून तोंडात घातली. सातासमुद्रापलीकडच्या पोराला फोनमधून वास येऊ नये म्हणून. एरवी मी हसून लोळले असते.

"काय करताय बाबा?"

"काही नाही. मका भरून राह्यलो. जेवला का?"

"नाश्ता झाला. तुम्ही?"

मी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. "ऋत्विक," मी म्हणाले, "म्या तुले खोटं सांगतलं होतं. तुहे बाबा घेतात." आणि उपरणं बाजूला करून फोन बाटल्यांवर धरला.

तो म्हणाला, "माहीत आहे आई. शाळेत असल्यापासून माहीत आहे. मोटारीत ठेवतात."

"मंग मले काऊन नाही बोलला?"

"तू नाही म्हणालीस ना."

ह्यांनी फोन आपल्याकडे घेतला. तोंडातली लवंग काढून कठड्यापलीकडे टाकली. "मधली," ते म्हणाले. "मले मधली आवडली."

"मीही तीच घेतली असती, बाबा," ऋत्विक म्हणाला. मग त्यानं फोन दुसऱ्या हातात धरला. "आता निघायला पाहिजे. उशीर होतोय."

"जाय. पण एक सांग." ह्यांनी मधल्या बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं, मग बाकीच्या दोन्हींचं. "उघडल्यावर हे दोन वरसं टिकते का?"

"टिकते बाबा," तो म्हणाला. पुण्याला गेल्यापासून घरात बोलला नव्हता त्या बोलीत म्हणाला. "दारूले काई होत नाही. तुमी तब्येत जपा."

फोन बंद झाला. ह्यांनी बाटल्या माझ्याकडे दिल्या. "ठेवून दे," म्हणाले. मी तांदळाच्या टाकीकडे वळले, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "लपवू नको. पुढच्या खोलीत ठेव."

आता त्या पुढच्या खोलीत, टीव्हीशेजारी असतात. येणारे जाणारे पाहतात आणि माझ्याकडे पाहतात. मी चहा टाकायला आत जाते. बाजाराच्या दिवशी हे आता लवकर घरी येतात, तोंडाला कसलाच वास नसतो. मी विचारलं तर म्हणाले, त्याच्यासंगंच घेऊ आता.