मागे राहिलेली चादर

मित्रांनो, माझं वय फार नाही, तरी मला जुनीच म्हणा. मी एक पांढरी सुती चादर आहे. म्हणजे होते. आता माझ्याकडे पाहून मला कुणी चादर म्हणणार नाही, इतकी मी कापली गेले आहे. हे कसं झालं ते तुम्हाला सांगते. गोष्ट थोडी दुःखाची आहे, पण तुमच्यासारख्याच एका मुलीची आहे, म्हणून ऐका.

माझा जन्म मालेगावच्या एका यंत्रमागावर झाला. दिवसभर खडखड चालायची. उभे-आडवे धागे एकमेकांत गुंतत गेले आणि मी लांबच लांब तागा झाले. माझ्या काठातून एक हिरवा धागा गेला होता. मग मला गठ्ठ्यात बांधलं, बोटीत चढवलं, आणि फिरत फिरत मी मक्केच्या बाजारातल्या एका दुकानात येऊन पडले.

तिथे मला हमदुल्ला आणि मैमुनाबी भेटले. दोघं मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या बाणकोटचे. हमदुल्लांची सगळी नोकरी अबुधाबीत झाली होती. दोघं हजला आले होते आणि आपल्या कफनाचं कापड घ्यायला थांबले होते. कफन म्हणजे माणूस गेल्यावर त्याला ज्यात गुंडाळतात ते कापड. घाबरू नका. पुष्कळ माणसं ते आधीच आणून ठेवतात, लांबच्या प्रवासाची पिशवी भरून ठेवावी तसं. त्याला शिवण नसते, बटण नसतं, खिसा नसतो. पुरुषाला तीन तुकडे लागतात, बाईला पाच. दुकानदाराने एकाच ताग्यातून आठ तुकडे फाडले. मैमुनाबीच्या पाचांत मी सगळ्यात मोठी, सगळ्यांच्या वरून यायची ती.

हॉटेलच्या खोलीत दोघांनी आम्हाला जमजमच्या, म्हणजे मक्केतल्या पवित्र विहिरीच्या पाण्यात भिजवलं. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं हिच्या हातात, आणि पीळ घालायला सुरुवात झाली. हमदुल्ला जोर लावायला लागले तशी ती म्हणाली, "अहो, जरा हळू. फाटेल ना."

"फाटलं तर बरंच की," ते म्हणाले. "जायचं पुढं ढकलू."

दोघं इतकी हसली की मी त्यांच्या हातातून निसटून पुन्हा बादलीत पडले. आयुष्यात मला मिळालेलं सगळ्यात मोठं हसू ते.

पुढची चौदा वर्षं मी अबुधाबीतल्या फ्लॅटमध्ये, मैमुनाबीच्या कपाटाच्या तळाशी काढली. त्यात मधेच एकदा हमदुल्लांचे तीन तुकडे बाहेर काढले गेले. माझ्याच ताग्यातले ते तीन भाऊ परत आले नाहीत.

वर्षातून एकदा, रमजानच्या आधी, मैमुनाबी आम्हाला उन्हात धरायची, कापूर बदलायची आणि पुन्हा घडी घालायची. हे ती घरात कुणी नसताना करायची. कारण तिचा मुलगा फहद याच्यापुढे मरणाचं नाव काढायची सोय नव्हती. ती बोलायला लागली की तो म्हणायचा, "अम्मी, खलास. असलं काही ऐकायचं नाही मला." तो लांब रुवैसच्या तेल रिफायनरीत कामाला, शुक्रवारी घरी यायचा. दोन दिवस कशाला वाद घाला, म्हणून ती गप्प बसायची. त्यामुळे सुनेला, शहनाझला, आमच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं.

शहनाझची मुलगी नबिला इंग्रजी पद्धतीच्या शाळेत चौथीत होती. तिच्या वर्गात राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं इंग्लंड शिकवत होते. नुसतं पुस्तकातून नाही, हातांनी करून. त्या काळच्या मुलांसारखं एक दिवस राहायचं, तशीच कामं करायची. शाळेचा मेसेज शहनाझला कामावर असताना आला: उद्या मुलींनी मोलकरणीचा पोशाख घालावा, गडद झगा आणि पांढरा एप्रन. ती क्लिनिकच्या रिसेप्शनवर होती. घरी येऊन ऑनलाइन बघितलं तर एप्रन दोन दिवसांनी मिळणार होता.

मैमुनाबी त्या आठवड्यात दुबईला, जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहणाऱ्या तिच्या लेकीकडे, रुकय्याकडे गेली होती. जुनी बेडशीट मिळेल म्हणून शहनाझने सासूचं कपाट उघडलं. मी हाताला लागले. तिने सासूला फोनही लावला, पण मैमुनाबी नमाजला बसली होती, फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा लावायचं राहून गेलं. कापराचा वास आला तेव्हा तिला वाटलं, झुरळं येऊ नयेत म्हणून ठेवला असेल.

स्वयंपाकघरातल्या कात्रीने तिने मला गळ्याशी गोल कापलं. कमरेशी निमुळतं केलं. उरलेल्या कापडातून गळपट्टा आणि दोन नाड्या काढल्या, मग मशीन सुरू झालं. मित्रांनो, सुई माझ्यात पहिल्यांदा शिरली तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. मी शिवण्यासाठी नव्हते. पण कापडाला आवाज कुठला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. बाईंनी दारातच सगळ्यांची नखं तपासली. मुलांनी दगडी पाट्यांवर लिहिलं, एका सुरात पाढे म्हटले. टबात मोजे घालून खरबरीत फळीवर घासले. निम्म्या मुलांनी आयुष्यात कपडा धुतला नव्हता, ती दहा मिनिटांत दमली. नबिलाच्या वाट्याला शेगडीची राख काढायचं काम आलं. ती गुडघ्यांवर बसली, काळे हात तिने माझ्या पोटाला पुसले. बाई म्हणाल्या, हा एप्रन अगदी त्या काळातला वाटतो. नबिला खूप खूश झाली. आणि खरं सांगते, चौदा वर्षांच्या अंधारानंतर इतक्या मुलांचा गलका ऐकून मलाही बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

घरी आलो तर मैमुनाबी सोफ्यावर होती. रुकय्याने तिला एक दिवस आधीच आणून सोडलं होतं. नबिलाने तिच्यापुढे एक गिरकी घेतली. "दादी, लूक, आय ॲम अ मेड."

मैमुनाबीने माझा काठ हातात घेतला. हिरवा धागा शोधला. मग म्हणाली, "हळूच उतरव, बेटा."

शहनाझला सगळं कळलं तेव्हा ती जमिनीवरच बसली. रडत म्हणाली, ऑफिसमधलं कुणीतरी पुढच्या महिन्यात उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला चाललंय, नवीन कापड मागवते, जमजमही मागवते.

"पाणी मिळेल गं," मैमुनाबी म्हणाली. "पिळताना दुसरं टोक धरणारा कुठून आणणार?"

मग तिने मला मांडीवर घेऊन घडी घातली. शुक्रवारी फहद आला आणि बायकोवर चिडला, तेव्हा तिने त्याला थांबवलं. "तिला काही म्हणू नकोस. तू मला बोलू दिलं असतंस, तर तिला कळलं असतं."

त्यानंतर रोज दुपारी ती खिडकीपाशी मला घेऊन बसायला लागली. सुईच्या टोकाने एकेक टाका उचलायची आणि ओढून काढायची. नजर अधू झाली होती, दिवसाला चार-पाचच व्हायचे. कापलेलं परत जुळत नाही, हे तिला माहीत होतं. पण निदान शिवण तरी नको, असं तिच्या मनात होतं. नबिला शेजारी बसायची. एकदा तिने विचारलं, "व्हॉट इज इट फॉर, दादी?"

"मी जाईन ना, तेव्हा पांघरायला."

नबिला आणखी जवळ सरकली. मग तिने सुईत अडकलेले दोरे वेचायला सुरुवात केली. गळपट्टा निघाला, दुमडलेली कड उसवली, एक नाडी सुटली. दुसऱ्या नाडीचे बोटभर टाके उरले होते, त्याच आठवड्यात मैमुनाबीला हॉस्पिटलात न्यावं लागलं. ती परत आली नाही.

हॉस्पिटलातल्या खोलीत तिला शेवटची आंघोळ घालायला शहरबानू नावाची वयस्क बाई आली होती. शहनाझने माझ्या चार बहिणी तिच्यापुढे ठेवल्या, आणि मग मलाही. शहरबानूने मला उलगडलं, गळ्याची गोलाई पाहिली, नाडीवरून बोट फिरवलं. "अंगभर पुरत नाही बेटा. आणि शिवलेलं देत नाहीत."

शहनाझ कात्री मागायला लागली. फार टाके नाहीत, म्हणाली, बोटभरच आहेत, आत्ता काढते. पण बाहेर गाडी थांबली होती, पुरुषमंडळी खोळंबली होती. वरची चादर तिथलीच नवी घेतली. शहरबानूने मला घडी घालून शहनाझच्या हातात परत दिलं.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी जपून ठेवलेलं काही दिसलं, तर त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि ती आपल्या जाण्याविषयी बोलायला लागली, तर त्यांना गप्प करू नका. भीती वाटेल. वाटू दे. त्यांच्याजवळ बसा आणि ऐका.

माझ्या चौघी बहिणी तिच्याबरोबर गेल्या. ज्या एका कामासाठी मला ठेवलं होतं, ते आता माझ्या हातून कधीच होणार नाही.