देठावरची निळी चिंधी

मी एक जुनी चिंधी आहे. वीतभर लांब, दोन बोटे रुंद आणि निळी. म्हणजे एके काळी गडद निळी होते. आता ऊनपाणी खाऊन फिकी पडले आहे. मित्रांनो, कुणाला हिणवायचे असले की तुम्ही त्याला 'चिंधीचोर' म्हणता ना? मला त्याचे हसू येते. चिंधी ती काय, तिला एवढी किंमत कसली, असे तुम्हाला वाटत असेल. पण एका दुपारी मला फक्त सोडून बाजूला ठेवले, तर अख्ख्या घराच्या तोंडचे पाणी पळाले होते. तीच गोष्ट आज सांगणार आहे.

माझा जन्म एका चुकीतून झाला. मी ज्या घरात राहते तिथल्या सासूबाई शिवणकाम करतात. तेव्हा त्या कुणाच्या सासूबाई नव्हत्या, नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या आणि शिवण शिकत होत्या. त्यांनी हौसेने नवऱ्यासाठी पहिला शर्ट शिवला, तर एक बाही दुसरीपेक्षा चार बोटे लांब झाली. नवरा घड्याळजी. घड्याळाचा काटा केसभर हलला तरी त्याच्या डोळ्यांत खुपायचा. पण त्या माणसाने दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडून तो शर्ट सहा वर्षे घातला आणि बाहीबद्दल चकार शब्द काढला नाही. शर्ट विरला तेव्हा बाईंनी तो उसवला, आणि आपली चूक त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. 'बरे झाले, यांच्या लक्षात आले नाही,' असे म्हणून त्या स्वतःशीच हसल्या. बाकी शर्टाचे पुसणे झाले. लांब बाहीचे टोक मात्र कायम दुमडीत राहिल्यामुळे नव्यासारखे निळे होते. त्यातून मला फाडून काढले.

मला काम मिळाले ते बागेत. घरामागे चार वाफे, एक अंजिराचे झाड, कुंपणावर द्राक्षाची वेल आणि विहिरीच्या कडेला लिंबू, एवढीच ती बाग. त्यात दरवर्षी एक टोमॅटो लावला जाई. त्याचे बी सासूबाईंना त्यांच्या आईने रुमालाच्या गाठीत बांधून दिले होते. फळ मोठे ओबडधोबड, खाचाखाचांचे, खांद्यापाशी हिरवटच राहणारे. पहिल्यांदा पाहणारा नाक मुरडायचा आणि चाखल्यावर दुसरी फोड मागायचा. हे बी कुठल्याही दुकानात मिळत नव्हते. म्हणून सासूबाई दर उन्हाळ्यात झाडावरचे सगळ्यांत चांगले फळ हेरत आणि ते हिरवे असतानाच त्याच्या देठाला मला बांधत. लाल फळाला लाल चिंधी बांधून कुणाला दिसणार? म्हणून निळी. माझा अर्थ घरात ठरलेला होता: हे तोडायचे नाही, खायचे नाही, हे पुढच्या वर्षाचे आहे.

पहिल्या दिवशी मला जे वाटले ते आजही नीट सांगता येत नाही. तो देठ पेन्सिलीपेक्षाही बारीक होता, आणि त्या एवढ्याशा वाटेने सगळे फळ आत येत होते. रंग, रस, वास, वजन, सगळे! सकाळी पाणी मिळाले की थोड्या वेळाने देठ ताठ व्हायचा आणि माझी गाठ आवळायची. दुपारच्या उन्हात तो पुन्हा मऊ पडायचा. शेजारी लटकून मी रोज पाहत होते, तरी हिरव्याचे पिवळे कधी झाले आणि पिवळ्याचे लाल कधी झाले, तो क्षण मला एकदाही पकडता आला नाही. किती वर्षे पाहिले! अजूनही थक्क व्हायला होते.

उन्हाळा सरत आला की बागेत नुसती धांदल उडायची. शेंगा दोन दिवस तोडल्या नाहीत तर वेलीला वाटते, झाले आपले काम, आणि ती फुले धरणे सोडून देते. त्यामुळे शेंगा रोज काढाव्या लागत. पानाआड लपलेली काकडी एका रविवारी बोटाएवढी असायची आणि पुढच्या रविवारी बाटलीएवढी. भोपळा पिकला की नाही ते सासूबाई बोटाने वाजवून सांगत. अंजिरे मात्र त्या चाखत नसत. "पाखरानं टोच मारली ना, मग गोडच आहे. ते आपल्यापेक्षा शहाणं असतं," असे म्हणून उरलेली काढून घेत. टोमॅटोच्या झाडाला हात लावला की बोटे हिरवीकाळी होत आणि हात धुताना साबणाचा फेसही पिवळा निघे. नंतर महिनाभर घरात निवडणे, चिरणे, वाळवणे, वाटणे चाले. माझे काम संपलेले असे. मी शिवणयंत्राच्या खणात, बोथट कात्री आणि तुटक्या बटणांच्या सोबतीला पडून राही. वर्षातले आठ-नऊ महिने कुणाला माझी आठवणही नसे. त्याचे वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

मग ते कठीण वर्ष आले. बियांच्या बरणीचे झाकण सैल राहिले होते. पेरणीच्या वेळी उघडून पाहिले तर आत दमट वास आणि पांढरी बुरशी. निवडून निवडून सहा बिया धड निघाल्या. त्यांतल्या दोन रुजल्या आणि एक रोप घोट्याएवढे होऊन मान टाकून बसले. उरले एक झाड. त्याचीही निम्मी फळे अळीने पोखरली, थोडी खाण्यात गेली. शेवटी झाडाची पाने करपू लागली आणि वर एकच फळ राहिले. ते माझ्या गाठीत होते. सासूबाईंच्या आईचे ते सगळे बी आता त्या एका फळात होते, आणि येता-जाता त्या माझ्याकडे पाहून जात. माझा तर जीव अक्षरशः टांगणीला लागला होता.

त्याच वर्षी घरात सूनबाई आली होती. ती औषधाच्या दुकानात काम करायची. तिच्या माहेरी चौथ्या मजल्यावर एका कुंडीत एक कोरफड होती, एवढाच तिचा बागेशी संबंध. पण इथे आल्यापासून ती कामावर जाण्याआधी वाफ्यांना पाणी घालू लागली. फुलाचे फळ होताना पाहिले की तोंडावर हात ठेवून उभी राहायची. तिला मी फार आवडायचे. माझा अर्थ मात्र तिला कुणी सांगितला नव्हता. घरात तो सगळ्यांना इतका पाठ होता की सांगायचा असतो हेच कुणाला सुचले नाही.

एका रविवारी सासूबाईंची थोरली बहीण जेवायला येणार होती. घरात सगळे त्यांना मोठी मावशी म्हणत. सासूबाई चुलीपाशी अडकल्या होत्या. त्यांनी आतूनच हाक दिली, "सूनबाई, बागेतून काय चांगलं दिसेल ते घेऊन ये गं!"

सूनबाई टोपली घेऊन आली. तिने शेंगा काढल्या, दोन काकड्या काढल्या, पाखरांनी टोचलेल्या फांदीची अंजिरे काढली. मग ती माझ्यासमोर येऊन थांबली. तिच्या दुकानात एखाद्या पुडक्याला चिठ्ठी बांधलेली असली, तर ते कुणासाठी तरी राखून ठेवलेले असते. ते माणूस आले की त्याच्या हातात द्यायचे. "अय्या, आईंनी मावशींसाठी आधीच राखून ठेवलंय!" ती म्हणाली आणि तिने माझी गाठ हलक्या हाताने सोडली. मित्रांनो, मला तोंड असते तर मी गाव गोळा केला असता. फळ टोपलीत गेले. मी हरवू नये म्हणून तिने मला टोपलीच्या कडीला बांधले.

पाने वाढली गेली. मावशींना रक्तदाब आहे हे सूनबाईने सकाळीच विचारून घेतले होते, म्हणून टोमॅटोच्या चकत्यांवर मीठ घालताना तिने त्यांच्या फोडी वेगळ्या काढल्या. मावशी बोलत बोलत जेवायच्या. पहिली फोड तोंडात गेली आणि त्या बोलायच्याच थांबल्या.

"अगं धाकटे," त्या हळूच म्हणाल्या, "ही तर आपल्या आईच्या परसातली चव! मला वाटलं होतं, आईबरोबरच गेली ती."

सासूबाईंचा हात ताटातच राहिला. त्या उठल्या, तशाच उष्ट्या हाताने मागच्या दारी गेल्या आणि टोपली घेऊन परत आल्या. मी कडीला लोंबत होते.

"सूनबाई, हे कुठलं तोडलंस?"

"ते निळी चिंधी बांधलेलं. राखून ठेवलं होतं ना, मावशींसाठी?"

 शेवटी सासूबाईंच्या मुलानेच, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्याने, तिला माझा अर्थ सांगितला. लहानपणी या चिंधीला हात लावला म्हणून त्याने एक धपाटा खाल्ला होता. ऐकता ऐकता सूनबाईचा चेहरा पांढरा पडला आणि डोळे भरून आले. सासूबाईंनी टोपली खाली ठेवली. आता या तिला काय बोलणार, या भीतीने मी कडीलाच आवळले गेले. पण त्यांनी नवऱ्याकडे पाहिले.

"तुम्ही सांगितलं होतं तिला?"

घड्याळजींनी नकारार्थी मान हलवली.

"आणि तू रे?" मुलगा ताटात बघू लागला. "मीही नाही," सासूबाई म्हणाल्या. "मग तिचं काय चुकलं?"

सूनबाईने डोळे पुसले आणि ती उठली. विळी धुऊन झाली होती, ते पाणी मोरीतून गेले होते. बाकीच्यांच्या ताटांतल्या फोडी केव्हाच संपल्या होत्या, आणि जे काही उरले होते ते मीठ लागलेले; तसले बी रुजेल याचा भरवसा नव्हता. फिरत फिरत तिची नजर मावशींच्या ताटावर गेली.

"मावशी, ताट हलवू नका!"

मावशी दचकल्या, मग लाजल्या. खाण्याआधीच फोडींतल्या बिया काढून त्यांनी ताटाच्या कडेला त्यांचा एक छोटासा ढीग सारून ठेवला होता. "कवळीखाली जातात गं मेल्या. एक बी गेली तरी जीव नको होतो."

बिनमिठाच्या बिया! घड्याळजी आयुष्यात कधी वाफ्यात उतरले नव्हते, पण आता ते धावत जाऊन आपला चिमटा आणि डोळ्याला लावायचे भिंग घेऊन आले. सूनबाईने वाटीत पाणी धरले. घड्याळजी एकेक बी उचलून त्यात सोडू लागले. सासूबाई श्वास रोखून मोजत होत्या. "मी जेवू कशात?" असे मावशींनी दोनदा विचारले, पण ऐकायला कोण मोकळे होते? सत्तावीस बिया निघाल्या. चार कापल्या गेल्या होत्या. उरल्या तेवीस.

त्या तीन दिवस पाण्यात राहिल्या, गर सुटल्यावर धुतल्या, आणि वाळवायला पसरल्या माझ्या अंगावर! मित्रांनो, मी सुती. मी कधी काळी कापूस होते, आणि कापूस म्हणजे तरी काय? बीला धरून वाढलेले तंतू. धागा झाले, कापड झाले, बाही झाले, चिंधी झाले, आणि फिरून पुन्हा बी धरायला आले. ती सगळी थंडी मी त्यांना पोटाशी घेऊन नव्या घट्ट झाकणाच्या बरणीत होते. एकेक बी तिळाहूनही हलकी. त्यात माणसाच्या डोक्याला लागेल एवढे झाड, त्याची फळे, त्या फळांतल्या बिया आणि त्या बियांतली झाडे. हे सगळे मावते कुठे? विचार करून माझे धागे सैल पडले, तरी उत्तर सापडले नाही.

कुंडीत पेरल्यावर आठ दिवस काहीच दिसले नाही. सूनबाई सकाळी चप्पल घालायच्या आधी कुंडीपाशी जायची. नवव्या दिवशी ती मोठ्याने ओरडली आणि सगळे घर धावले. मातीतून एक वाकडा हिरवा कोंब वर आला होता, आणि त्याच्या डोक्यावर बीचे टरफल टोपीसारखे अडकले होते. एकूण नऊ रुजल्या. दोन रोपे मावशींकडे गेली, त्यांच्या कवळीचा मान म्हणून.

उन्हाळा सरत आला तेव्हा सासूबाईंनी मला सूनबाईच्या हातात दिले. "या वेळी तू निवड," त्या म्हणाल्या. सूनबाई सातही झाडांभोवती फिरली. सासूबाईंचे डोळे सगळ्यांत मोठ्या फळावर होते, पण त्या मूग गिळून गप्प राहिल्या. सूनबाई शेवटच्या झाडापाशी बसली. शेजारची झाडे करपली होती, हे मात्र कडक उन्हातही हिरवे राहिले होते. त्याच्या पानाआडच्या मध्यम फळाला तिने मला बांधले. सासूबाईंनी वाकून ते झाड खालपासून वरपर्यंत पाहिले. "अगं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशी एखादी चिंधी असेल. एखादी गाठ, एखादी खूण, एखादी हात न लावायची वस्तू. तिची काळजी घ्या, पण तेवढ्याने भागत नाही. घरात नवे माणूस आले की त्याला तिचा अर्थ सांगा. आम्हाला बोलता येत नाही, तुम्हाला येते.

सूनबाई हल्ली सगळ्यांना सांगते. दूधवाल्याला सांगून झाले, पोस्टमनला सांगून झाले. काल तिने घड्याळजींनाही अडवले.

"बाबा, निळी चिंधी दिसली तर हात लावायचा नाही हं."

"कळलं गं बाई," ते हसून म्हणाले. "माझ्याच शर्टाची बाही आहे ती. चार बोटं लांब झाली होती."

शेंगा तोडणाऱ्या सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"