चोपन्नावर अडलेली हवा

सलग अकरा दिवस वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरील चौकटीत शहराच्या हवेतील धुळीचा आकडा चोपन्न होता.

बाराव्या दिवशी सकाळी बाईंनी अंक उलगडला. चौतीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि गल्लीत त्यांना 'बाई' याखेरीज दुसरे नाव उरले नव्हते. बातम्या त्या मोठ्याने वाचत आणि प्रत्येक बातमीला जागच्या जागी उत्तर देत. मुख्य रस्ता रुंद होणार, असे वाचून त्या म्हणाल्या, "चौथ्यांदा. एव्हाना शेजारच्या गावात शिरला असेल." पुतळ्याच्या डोळ्यांतून पाणी येते, असे वाचून म्हणाल्या, "गच्चीवरची टाकी बघा म्हणावं." मग त्या चौकटीशी आल्या.

"चोपन्न."

"बघ, छान हवा आहे की," धाकटी बहीण बूट चढवत म्हणाली. तिला दमा होता. आकडा शंभराच्या आत असला तर अर्धा तास चाला, वर गेला तर खिडक्या लावून घरात बसा, असे डॉक्टरांनी तिला बजावले होते. धाकटी शब्दाबाहेर जाणारी नव्हती. अकरा दिवस ती नेमाने चालली, आणि पूर्वी दोन मजले न थांबता चढणारी ती आता सहाव्या पायरीला कठडा धरू लागली. आणखी खालावले तर दवाखान्यात ठेवावे लागेल, असे कालच सांगण्यात आले होते.

"बूट काढ," बाई म्हणाल्या.

"ताई, पेपरात छापलंय."

"उद्या पेपरात माझं निधन छापलं, तर काय लगेच आडवी होऊ? अगं, अकरा दिवसांत वारा चारदा फिरला, समोरची इमारत पाडली, आणि आकडा जागचा हलत नाही! भिंतीवरची पालसुद्धा इतकी स्थिर बसत नाही."

"तुला सगळ्यातच खोट दिसते."

बाईंनी उत्तरादाखल गॅलरीच्या कठड्यावरची पांढरी बशी आणली. काल संध्याकाळी धुऊन ठेवलेल्या बशीवर त्यांनी बोट ओढले. बोट काळे झाले. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही, हे धाकटीलाही कळले. तिने नाड्या सोडल्या.

संपादकांना बाईंनी पत्र धाडले होते. 'आकडा अधिकृत आहे,' एवढेच उत्तर आले होते. म्हणून बशी पिशवीत घालून त्या थेट हवामापन कार्यालयात गेल्या.

तिथले साहेब घाईत होते. दुसऱ्या दिवशी स्वच्छ हवेचे पारितोषिक स्वीकारायचे होते आणि भाषणात पाहुण्यांच्या नावांचा क्रम अजून लागत नव्हता.

"बाई, यंत्र नवं कोरं आहे. ते खोटं बोलत नाही."

"यंत्र खोटं बोलत नाहीच. त्याच्या तोंडाशी जे येतं, तेवढंच ते सांगतं. तोंडाशी काय येतंय ते मला बघायचंय."

"वर जायला परवानगी लागते."

"मग द्या. नाही तर ही बशी तुमच्या टेबलावर ठेवते आणि समोर बसते. चौतीस वर्षं मुलांवर पहारा केलाय, मला बसायचा कंटाळा नाही."

साहेब उठले. गच्चीवर राखणदार होता. पन्नाशीचा, सरळ माणूस. त्याने अभिमानाने बाजूला होऊन यंत्र दाखवले. हवा आत खेचणाऱ्या नळीच्या टोकापासून पायांपर्यंत यंत्राला निळा अभ्रा होता, मापात बेतलेला, आतून प्लास्टिकचे अस्तर लावलेला.

"बायकोनं शिवलाय," तो म्हणाला. "साहेब म्हणाले होते ना, पाहुणे यायचेत, यंत्रावर धुळीचा कण दिसता कामा नये. मी रोज वरून पुसतो."

"केव्हा घातलात?"

"आज बारावा दिवस."

बाईंनी गाठ सोडून अभ्रा उतरवला. पडद्यावर लाल दिवा लुकलुकत होता. तो अभ्र्याखाली कोणाला दिसणार? नळी हवा ओढू लागली. दिवा विझला आणि आकडा चढू लागला. दोनशे सतरावर थांबला.

राखणदाराचा चेहरा पडला. "माझं चुकलं का, बाई?"

"तुम्ही सांगितलेलं काम चोख केलंत. सांगणाऱ्यानं विचार केला नाही."

साहेबांनी आवाज उतरवला. "एकच दिवस थांबा. उद्याचा समारंभ होऊ द्या, मग आपण सावकाश दुरुस्ती छापू."

"माझ्या बहिणीला सावकाश श्वास घेता येत नाही. आणि गावात ती एकटीच दमेकरी नाही. खरा आकडा आत्ता पेपराकडे जाईल. नाही तर समारंभाला मी येते आणि पाहुण्यांच्या हाती बशी देते."

साहेबांनी पडद्यावरचा आकडा टिपून घेतला आणि वर्तमानपत्राला फोन लावला. संपादकांना कारण लेखी हवे होते. साहेबांना शब्द सुचेनात, तेव्हा बाईंनीच कागद ओढून घेतला, राखणदाराचा उल्लेख टाळून चार ओळी लिहिल्या आणि खाली साहेबांची सही घेतली:

'यंत्रावर धूळ बसू नये म्हणून कार्यालयाच्या आदेशावरून त्याला अभ्रा घालण्यात आला. त्यामुळे हवा आत जाणे बंद झाले. हवा मिळाली नाही की हे यंत्र नवे मोजमाप न करता शेवटचा आकडा तसाच दाखवत राहते. तो आकडा चोपन्न होता.'