शनीच्या डोक्यावरची पुट्टी

मी एक जुना शनी आहे. लाकडाचा, विज्ञान केंद्राच्या दुसऱ्या दालनात लोखंडी दांड्यावर बसवलेला. मित्रांनो, मला पाहिलंत की तुम्ही आधी हसता. "याच्यावर कोणीतरी बसलं वाटतं!" हे वाक्य मी कित्येक वर्षं ऐकतोय. हसा खुशाल. मी चेपलेला नाही.

मला एका सुतारानं घडवलं. त्यानं आधी पुस्तकातले आकडे नीट पाहिले. शनीच्या मध्यापासून विषुववृत्तापर्यंतचं अंतर साठ हजार किलोमीटरच्या थोडं वर, आणि ध्रुवापर्यंतचं चोपन्न हजारांच्या थोडं वर. म्हणून त्यानं माझी कंबर मध्यापासून तीस सेंटीमीटरवर ठेवली आणि डोकं सत्तावीसवर. खरा शनी साडेदहा तासांत स्वतःभोवती गिरकी पुरी करतो. एवढं अवाढव्य अंग आणि एवढी घाई! गिरकीच्या जोरानं पोट सुटणारच.

पुढे सुतार गेला. त्याची बायको केंद्रात साफसफाईच्या कामाला लागली. तुम्ही तिला मावशी म्हणता. माझा रंग उडाला, मला फिरवणारी मोटर बंद पडली, कोणी ढुंकून पाहिलं नाही. मावशी मात्र माझं कडं रोज ओल्या फडक्यानं पुसायची.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण भारी उत्साही. "हा शनी बसलाय बघा," ते रंगाऱ्याला म्हणाले. "रंग द्यायच्या आधी पुट्टी भरून गोल करून टाका."

रंगाऱ्यानं माझ्या डोक्यावर तीन सेंटीमीटर पुट्टी चढवली. मला तोंड असतं तर मी सगळं दालन डोक्यावर घेतलं असतं! खालची बाजूही भरली की मी नुसता चेंडू होणार होतो.

तेवढ्यात मावशी बादली घेऊन आत आली.

"अहो, हे काय चाललंय?"

"डिफेक्ट होता मावशी, तो काढतोय," साहेब म्हणाले.

"डिफेक्ट? आमच्या ह्यांच्या मापात?"

तिनं बादली तिथेच आदळली आणि कपाटामागून एक वळणदार फळी ओढून काढली. तो माझा फर्मा. मला तासताना सुतार तो पुन्हा पुन्हा लावून बघायचा. मावशीनं तो कड्यापासून डोक्यापर्यंत लावला. फर्मा पुट्टीला अडला. त्याच्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'कंबर तीस, डोकं सत्तावीस. चूक नाही.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. ऑफिसातून पुस्तक आणून आकडे ताडून पाहिले. त्यांचे कान लाल झाले.

"खरवडा," ते रंगाऱ्याला म्हणाले. "आणि मावशी, हा फर्मा इथंच लावू या. सगळ्यांना दिसू दे."

"लावा. पण पुसणार मीच," मावशी म्हणाली. तिनं बादली उचलली.

आता तो फर्मा माझ्या शेजारी खिळ्याला लटकतो. मित्रांनो, हसायला माझी ना नाही. आधी फर्मा लावून बघा, मग हसा. आणि कोणाला 'नीट' करायला निघालात, तर हातात पुट्टी घेण्याआधी त्याचं माप घ्या.

पुट्टीचा एक ठिपका अजून माझ्या डोक्याला चिकटून आहे. मावशी तो रोज नखानं थोडा थोडा खरवडते. माझं डोकं सत्तावीसच राहणार.