भावावर फेकलेली खुर्ची

हो, मी खुर्चीच बोलतेय. पुढारी जिच्यासाठी भांडतात ती नव्हे. लग्नाच्या मांडवात थप्पीनं रचलेल्या असतात ना, त्यातली एक, लाल प्लास्टिकची. आम्हा खुर्च्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही घडत नाही. कोणी बसतं, कोणी उठतं. पण माझ्या बाबतीत घडलं, आणि तेही प्रार्थनाघरात. दीड वर्ष होत आलं, तरी ते खरंच घडलं यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

वितळलेला लाल गोळा साच्यात दाबला आणि मिनिटभरात मी चार पायांवर उभी राहिले, एवढीच माझ्या जन्माची हकिकत. टेम्पोतून हिंगोलीच्या एका दुकानात आले. तिथं जनकाबाई नावाच्या म्हातारीनं मला निवडलं. मला दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून पाहिलं आणि म्हणाली, "ही हालत न्हाई. हीच द्या. आमच्या वैजनाथचा गुडघा दुखून राहिला, त्याला पायजे."

जीपच्या टपावरून मी सेनगावच्या पुढच्या एका लहान गावात पोचले. गावाच्या कडेला पत्र्याचं छप्पर असलेली एक खोली, आत निळा पडदा, भिंतीवर रंगानं काढलेला क्रूस आणि खाली सतरंज्या. गावातल्या अकरा ख्रिस्ती घरांचं ते प्रार्थनाघर. पाळक साहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, हिंगोलीहून महिन्यातून एकदा येत. बाकीचे रविवार मंडळीचे वडील, म्हणजे जबाबदार ज्येष्ठ, म्हणून वैजनाथ उपासना चालवायचा. सगळे खाली बसत. मी एकटी पुढे, वैजनाथजवळ. मला फार अभिमान वाटायचा.

वैजनाथ पंचावन्न वर्षांचा. वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला सोपं वाटेल. बारा वर्षांपूर्वी त्यानं दारू सोडली ती सोडलीच. गावात कोणाला साप चावला तर पहिली आठवण त्याच्या मोटारसायकलची व्हायची, मग ते घर कोणत्याही धर्माचं असो. बोलायला लागला की लेकरंसुद्धा गप्प बसत.

त्याचा धाकटा भाऊ जगन. बकऱ्या पाळायचा. लहानपणापासून बोलताना अडखळायचा, आणि लोकांसमोर तर जास्तच. तो दाराजवळ बसायचा, त्याची मुलगी पुनम त्याच्याशेजारी. वैजनाथ त्याला 'बिनडोक' म्हणायचा. ओरडून नव्हे, अगदी सहज. "बिनडोक, ती सतरंजी झटक." "आमचा बिनडोक आला का?" मंडळी हसायची, जगनही मान खाली घालून थोडासा हसायचा. खरं सांगते, इतके रविवार ऐकून मला ते त्याचं दुसरं नावच वाटायला लागलं होतं.

त्या रविवारचा विषय राग हाच होता. वैजनाथ माझ्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

"आपुन काय समजतो? कोणाचा खून केला न्हाई, म्हंजी आपुन पार झालो," तो सांगत होता. "पण प्रभू म्हणतो, भावावर संतापतो त्याचा बी न्याय व्हनार. अन् भावाला मूर्ख म्हणून हिणवलं, त्याला तर आगीची भीती हाय. काहून? कारण हातानं मारायच्या आधी माणूस मनात मारतो."

मंडळीनं 'आमेन' म्हटलं. मग साक्ष द्यायची वेळ आली. देवानं आठवड्यात काय भलं केलं ते ज्यानं त्यानं उठून सांगायचं. दोघातिघांनी सांगितलं. आणि दाराजवळून जगन उठला. इतक्या महिन्यांत मी त्याला कधी उठलेलं पाहिलं नव्हतं.

"प-परभूचे आभार," तो म्हणाला. "मा-माझी… माझी ब-ब-ब…"

शब्द येईना. त्याची मान हलत होती, ओठ आवळले जात होते. मागे कोणीतरी खुदकन हसलं.

वैजनाथ म्हणाला, "बस खाली, बिनडोक. देवाला बी जेवायला जायचं आसंल."

सगळे हसले. आत्ताच 'आमेन' म्हणालेली तीच तोंडं! जनकाबाईसुद्धा हसली.

जगन बसला नाही. त्याचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, "द-दादा, तू आत्ता जे वाचून सांगितलंस… ते तू म-मलाच करून राहिलास."

पुन्हा कोणीतरी हसलं, अगदी बारीक. पण या वेळी ते हसू वैजनाथवर होतं.

माझ्या पाठीवरचा हात घट्ट झाला. मला वाटलं, गुडघा दुखला असेल, बसेल आता. मी बसायच्या तयारीतच होते. पण मी वर उचलली गेले. खाली मला सतरंज्या दिसल्या, वर पत्रा दिसला, आणि मग समोरून जगनचा चेहरा जवळ आला. त्यानं हातही वर केला नाही. आपला भाऊ असं करेल हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

माझा पाय त्याच्या डाव्या कानावर बसला. मग मी उंबऱ्यावर आदळले आणि तोच पाय मोडून पडला. त्याला रक्त लागलं होतं.

मी टेकू द्यायला जन्मले होते. थकलेल्या माणसाचं वजन घ्यायचं, एवढंच मला येत होतं. आता माझ्यावर एका माणसाचं रक्त होतं, आणि ज्यानं मला फेकलं त्याचे हात तसेच हवेत उघडे राहिले होते.

पुनमनं ओढणी बापाच्या कानावर दाबली. ती किंचाळली, "बाबा बकरी सापडल्याचं सांगत व्हते! सेनगावच्या बाजारात हरवलेली बकरी तीन दिसानं आपली आपण घरी आली. एवढंच सांगायचं व्हतं त्यांना!"

दोघांनी जगनला जीपमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. मला वाटलं, मागे राहिलेले आता रडतील, गुडघे टेकतील. पण जे ऐकलं त्यानं मी जास्तच हादरले. एक म्हणाला, "राग येतोच माणसाला." दुसरा म्हणाला, "चूक जगनची बी हाय. वडीलधाऱ्या भावाच्या सगळ्यांम्होरं तोंडी काहून लागायचं?" तिसऱ्यानं माझ्या मोडक्या पायाकडे पाहून हळहळ केली, "चांगली खुर्ची व्हती." मग त्यांनी मला खोलीमागच्या हापशाजवळ टाकून दिलं.

तिथून खिडकीतून आतलं दिसायचं. बुधवारी दुपारी वैजनाथ एकटाच आला. गुडघा दुखत असतानाही खाली टेकला आणि रडला. "प्रभू, माझ्या रागाची क्षमा कर," असं कितीतरी वेळा म्हणाला. मी वाट पाहत होते. जगनचं नाव काही त्याच्या तोंडून निघालं नाही. मग त्यानं डोळे पुसले आणि हलका होऊन घरी गेला. भावाला त्यानं निरोप तेवढा धाडला, 'झालं गेलं विसरून जा.' आणि पुढच्याच रविवारी पुन्हा पुढे उभा राहिला. मला कळेना, इतकं सोपं असतं?

तीन आठवड्यांनी पाळक साहेब आले. त्या दिवशी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर खायचा विधी. मेजावर पांढरं कापड, भाकर आणि प्याला. जगन अजून येत नव्हता. उपासना सुरू व्हायच्या आधी जनकाबाई हापशाकडे आली. सत्तरी ओलांडलेली बाई. तिनं मला उचललं, छातीशी धरून आत नेलं आणि मेजासमोर भिंतीला टेकवून ठेवलं. रक्त वाळून काळं पडलं होतं.

"हे काय, जनकाबाई?" पाळक साहेबांनी विचारलं.

"जगनची साक्ष अर्धी राहिली, साहेब. ती ऐकल्याबिगर माझ्या घशातून भाकर उतरायची न्हाई."

वैजनाथचा चेहरा उतरला. "आत्या, मी देवाजवळ माफी मागितली हाय."

"मार देवाच्या कानाला लागला व्हता का रे?"

"मागीन मी जगनची. पण असं सगळ्यांम्होरं काहून?"

"फेकली ती सगळ्यांम्होरंच ना?" ती म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. "अन् मी हसले व्हते. आमी समदे हसलो व्हतो. तुझ्या हातात बळ आमीच दिलं."

पाळक साहेबांनी प्याल्यावर कापड झाकलं. शांतपणे म्हणाले, "वैजनाथ, तुला पाठ आहे ते. देवाला दान द्यायला आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेव आणि आधी भावाकडं जा. भाकर इथंच आहे. आम्ही थांबतो."

वैजनाथ वाकला, मला बगलेत धरलं, मोडका पाय दुसऱ्या हातात घेतला, आणि गाव ओलांडून निघाला. ओट्यांवरची माणसं बघत होती. कोणी विचारलं, "दादा, खुर्ची कुठं घेऊन चाललात?" तो चालतच राहिला.

जगनचं घर शेवटचं. तो अंगणात बकऱ्यांना बाभळीच्या शेंगा टाकत होता. कानात कापूस होता. भावाला पाहून तो थांबला.

वैजनाथनं मला खाली ठेवलं. "जगन, तू त्या दिशी तसं बोलला नसतास, तर माझा हात…"

जगननं शेंगांची पाटी उचलली आणि गोठ्याकडे वळला.

"थांब," वैजनाथ म्हणाला. "थांब जरा. न्हाई, तसं न्हाई. तू काहीच बोलला नसतास तरी कवा ना कवा मी हेच केलं असतं."

जगन वळला. उजवा कान पुढे करून बोलला, "खु-खुर्ची एकदाच लागली, दादा. त्यो श-शब्द रोज लागायचा. लोक हसले की तू खू-खूश व्हायचास. म-मी बघायचो."

वैजनाथ मटकन खाली बसला, तिथंच लेंड्यांमध्ये. "मला राग येतो, एवढंच मी देवाला सांगत आलो," तो म्हणाला. "तुला मी माणसात धरतच नव्हतो, हे कवाच सांगितलं न्हाई. मलाच ते ठाव नव्हतं रे. दारू सोडली तवा वाटलं, आता माझ्यात काही उरलं न्हाई. अन् हे एवढं मोठं आत बसलेलं. मला माझीच भीती वाटून राहिली, जगन. मला माफ कर."

पुनम दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत दया नव्हती, आणि मी तिला दोष देत नाही.

जगननं पाटी खाली ठेवली. "म-माफ केलं," तो म्हणाला. "पण पैल्यासारखं व्हायला ये-येळ लागंल. घाई क-करू नको."

"न्हाई करणार." मग वैजनाथनं विचारलं, "त्या दिशी सांगत व्हतास, ती बकरी कशी आली?"

जगननं सांगायला सुरुवात केली. बाजारात दोरी कशी सुटली, तीन दिवस तो कुठे कुठे फिरला, चौथ्या सकाळी दारात आवाज कसा आला. एकेका शब्दाला तो अडत होता. पुढचा शब्द काय असणार हे मलाही कळत होतं. वैजनाथचे ओठ दोनदा हलले, त्याच्या आधी बोलायला, आणि दोन्ही वेळा त्यानं ते मिटून घेतले. तिकडे मंडळी थांबली होती, भाकर झाकलेली होती. पण त्यानं गोष्ट शेवटपर्यंत ऐकली.

त्या दिवशी जगन प्रार्थनाघरात गेला नाही. म्हणून वैजनाथनंही प्रभुभोजन घेतलं नाही, हे मला नंतर कळलं. संध्याकाळी जनकाबाई भाकरी-पिठलं घेऊन आली आणि जगनसमोर हात जोडून रडली. हसलेल्या बाकीच्यांपैकी काही आले, काही अजून आलेले नाहीत. जगन त्यानंतरच्या चौथ्या रविवारी गेला. वैजनाथनं वडीलपण सोडलं. आता तो खाली सतरंजीवर बसतो.

मी जगनकडेच राहिले. सायकलवरून फिरून प्लास्टिकच्या वस्तू सांधणाऱ्या इब्राहीमनं सळई तापवून माझ्या पायाला भोकं पाडली आणि तारेनं तो शिवला. "नाजूक हाय, बराबर बसा," असं बजावून गेला. उन्हानं माझा रंग गुलाबी झालाय. जगनच्या डाव्या कानाला मात्र टाका घालता आला नाही. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आत पडदा फाटलाय, या कानानं आता ऐकू येणार नाही. माफी मिळाली, पण कान गेला तो गेलाच.

मागच्या आठवड्यात वैजनाथ आला आणि माझ्यावर बसलेल्या जगनशेजारी ओट्यावर बसला. खाली बघून हळू आवाजात म्हणाला, "आज सेनगावला एका जीपवाल्याला मी तोच शब्द बोललो रे. तोंडातून गेलाच. मग माघारी जाऊन त्याची माफी मागितली."

जगन बकरीच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग त्याला भावाचे ओठ हललेले दिसले. "क-काय म्हणलास?"

वैजनाथ चुकून डाव्या बाजूला बसला होता. तो गुडघ्यावर हात देऊन उठला, मला वळसा घालून उजवीकडे आला, आणि तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

अजून एक-दोन उन्हाळे काढेन मी. तुमच्या घरी माझ्यासारख्या खुर्च्या असतील. समोरचा माणूस अडखळत असेल, त्याचं बोलणं तुम्हाला फालतू वाटत असेल, तेव्हा त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत त्यांच्यावर बसून राहा. एवढंच मागते.