शर्टाच्या आतलं बकरम

मास्तरांच्या डोळ्यांतच टेप होती. समोरच्या फुटपाथवरून एखादं ओळखीचं माणूस गेलं की शिलाई मशीनवरून मान न उचलता ते म्हणायचे, "साहेब दोन इंच सुटलेत, आठवड्याभरात येतील बघ." आणि साहेब यायचे. गिऱ्हाइकांच्या पोटांची थट्टा करायचा मास्तरांना परवानाच होता, कोणी मनावर घेत नसे.

तेव्हा अशा माणसाला पोटच्या पोराच्या अंगातला बदल दिसलाच नाही, असं कोणी म्हणेल तर ते साफ खोटं. दिसला होता. सगळ्यांच्या आधी त्यांनाच दिसला होता.

पोरगा सत्तावीस वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी त्याला आवाज ऐकू यायला लागले. भिंतीपलीकडची माणसं आपल्यालाच शिव्या देतात, म्हणत तो खोलीतून बाहेर येईना. मग गोळ्या सुरू झाल्या आणि चार महिन्यांत पोरगा माणसांत आला. दुकानात बसून काजं-बटणं करायला लागला, काम करताना शीळ घालायला लागला. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. त्या गोळ्यांविरुद्ध कोणी ब्र काढलेला त्यांना खपत नसे.

पुढे पोरगा जाड व्हायला लागला. त्याचं काही नाही, वजन वाढेल हे गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. एकदा दुकानात गिऱ्हाईक असताना मास्तर सवयीने बोलून गेले, "आमच्या चिरंजिवांनी बाळसं धरलंय!" गिऱ्हाईक हसलं. पोरगाही हसला. पण त्या दिवसापासून तो दार लावून कपडे बदलायला लागला.

नव्या शर्टासाठी माप घेताना मास्तरांना कळायचं ते कळलं. कंबर दोन इंच वाढली होती, छाती चार, आणि तीही फक्त पुढून. टेप टेकली तसा पोराने श्वास रोखला. मास्तरांनी टेप गुंडाळून गळ्यात टाकली. पुरुषाच्या अंगाला हे असलं काही होतं, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. विचारायचं तरी कोणाला आणि कुठल्या तोंडाने? बायकोलासुद्धा ते बोलले नाहीत. आणि गोळ्यांचं नाव निघालं नि त्या बंद झाल्या, तर पुन्हा ती खोली, ते बंद दार. नकोच ते.

मग त्यांनी आपल्या परीने इलाज केला. गडद कापड घेतलं, दोन्ही खिशांना झाकणं लावली आणि छातीच्या भागाला आतून, कॉलरला घालतात ते कडक बकरम घातलं. समोरून पाटीसारखं सपाट. असे चार शर्ट शिवले. इतकं सफाईदार काम त्यांच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. पोराने शर्ट घातला, आरशात पाहिलं आणि काजं करायला बसला. चला, मिटलं, असं त्यांना वाटलं.

वर्षभराने पोराची शीळ थांबली. जेवताना तो मध्येच कान टवकारायचा. एका दुपारी मास्तरांनी बटणांच्या डब्यात हात घातला आणि बोटांना लागलेल्या बटणाला भोकंच नव्हती. डबा उपडा केला. पांढऱ्या बटणांत पांढऱ्या गोळ्या, मूठभर. समोर बसलेला पोरगा शांतपणे म्हणाला, "बाबा, तुमचं मशीन माझं नाव घेतंय. बंद करा ते."

त्याला तीन आठवडे दवाखान्यात ठेवावं लागलं.

थोडा सावरल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. गोळ्या का सोडल्या, असं विचारलं, तर पोराने खाली बघत छातीकडे बोट केलं.

"अरे, मग सांगायचं ना!" त्या हळहळल्या. "या औषधाने काही जणांच्या रक्तात एक हार्मोन वाढतं, बाळंतिणीच्या अंगात दूध आणतं तेच. पुरुषांचीही छाती वाढते. यात तुझा काही दोष नाही, लाजायचंही काही नाही. रक्त तपासलं असतं, गोळी बदलली असती. स्वतःहून बंद करायची नव्हती." मग त्या मास्तरांकडे वळल्या. "कधीपासून होतं हे?"

"सव्वा वर्ष," मास्तर म्हणाले. तोंडातून शब्द गेला आणि आपण काय कबूल केलं ते त्यांच्या लक्षात आलं.

"लवकर आला असतात तर बहुतेक उतरलं असतं. आता नवीन गोळीने थोडं कमी होईल, पण सगळं जाईलच असं मी सांगू शकत नाही." डॉक्टरीणबाईंनी पोराला विचारलं, "दुखायचं का रे?"

"एरवी नाही," पोरगा म्हणाला. "शर्ट घासला की. आतून कडक होता ना. संध्याकाळपर्यंत आग व्हायची."

मास्तरांना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

"मला का नाही बोललास?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"तुम्हाला दिसत होतं, बाबा. तुम्ही ते झाकून टाकलंत. मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटते." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

नवी गोळी लागू पडली. पोरगा पुन्हा दुकानात यायला लागला. छाती थोडी उतरली, बाकीची राहिली. एके दिवशी मास्तर टेप काढून म्हणाले, "ये, माप घेतो. मऊ सुती कापड आणलंय."

"नको बाबा," तो म्हणाला, "मी रेडिमेड घेतलेत."

दोन नंबर मोठे, खांदे उतरलेले, बाह्या बोटांवर येणाऱ्या. तेच घालून तो मास्तरांच्या समोर बसून लोकांच्या शर्टांना बटणं लावतो. परवा एका जुन्या गिऱ्हाइकाने टोमणा मारलाच, "काय मास्तर, पोरगा तुमचा, आणि अंगावर रेडिमेड?"

मास्तरांना एरवी अशा वेळी दहा उत्तरं सुचली असती. त्यांनी मशीन थांबवलं.

"मी शिवलेले त्याला टोचायचे," ते म्हणाले. "मी विचारलं नाही."

पोराने मान वर केली नाही. हातातल्या बटणाचा टाका पुरा केला, दोरा तोडला आणि पुढचा शर्ट ओढून घेतला.