पुढच्या चक्कराचा नट

मुंगीएवढ्या चाकांशी खेळण्यात घड्याळजींचा जन्म गेला होता. त्यामुळे जुन्या मोटारसायकलची चेन आणि दोन चक्करं बदलायला मेकॅनिककडे जाणं त्यांना भलतंच कमीपणाचं वाटलं. "दोनच तर दातेरी चाकं! तीही चष्म्याशिवाय दिसतात," म्हणत त्यांनी सकाळीच बाह्या सरसावल्या.

बायकोला याचं काडीचं कौतुक नव्हतं. ती शाळेत कवायत शिकवायची आणि घरातही तिचा आवाज मैदानावरचाच असायचा. परवा बहिणीकडे जाताना भर चौकात चेन उतरली. नवे कोरे कपडे घालून तिला गाडी ढकलावी लागली, तीही नेमकी तिच्याच विद्यार्थ्यांसमोर. कार्ट्यांनी बाजूने चालत "डावा-उजवा, डावा-उजवा" असा ताल धरला.

"संध्याकाळी भंगारवाला येतोय," तिने निकाल दिला. "तोवर चालू झाली तर ठीक. नाहीतर दारातूनच रवाना."

लग्नाआधीपासूनची गाडी, घड्याळजींचा जीव होता तिच्यावर. पण हे बायकोपुढे बोलायचं म्हणजे आ बैल मुझे मार, म्हणून ते थेट कामाला लागले.

दुकानातल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी दारात पांढरं फडकं पसरलं. जुनी चेन उतरवली, तिची टोकं जोडणारं लॉक डबीत ठेवलं, मागचं चाक काढून भिंतीला टेकवलं आणि त्यावर नवं चक्कर बसवलं. सगळं कसं झकास चाललं होतं. मग ते पुढच्या, इंजिनाजवळच्या छोट्या चक्कराकडे वळले आणि घोडं तिथेच अडलं. नटाला पाना लावून फिरवला, तर नटाबरोबर चक्करही फिरायला लागलं. गाडी गिअरमध्ये टाकली, तर इंजिनच गचके देत फिरलं.

बराच वेळ डोकं खाजवल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हा नट सगळ्यात आधी सोडवायचा असतो. चेन जागेवर हवी, मागचं चाक जागेवर हवं आणि ब्रेक दाबलेला हवा, तरच चक्कर हलत नाही. म्हणजे आता सगळं परत जोडायचं, कशासाठी, तर परत सोडवण्यासाठी! स्वतःला शेलक्या शिव्या घालत त्यांनी चाक बसवलं आणि जुनी चेन पुन्हा चढवली, तोवर ऊन उतरलं होतं.

पण ब्रेक उजवीकडे आणि नट डावीकडे.

"अगं, जरा येतेस का?"

"झाली?"

"झालीच म्हणायची. फक्त गाडीवर बसून मागचा ब्रेक दाबून धर."

"वा! जिला मी हाकलायला निघालेय, तिच्यासाठी मीच पाय लावू?"

घड्याळजींनी काळे झालेले हात फडक्याला पुसले. "मला ती हवी आहे गं," ते म्हणाले.

एवढी सरळ मागणी त्यांनी आजवर कधी केली नव्हती. तिने त्यांच्या काळ्या हातांकडे पाहिलं. मग ती गाडीवर चढली आणि तिने ब्रेक दाबला.

घड्याळजींनी पाना हळुवार ओढला.

"अहो, नट आहे तो, रुसलेलं बाळ नाही! पाय रोवा. एक, दोन, जोर!"

तेवढ्यात भंगारवाला हातगाडी घेऊन दारात हजर झाला. "बाई, उतरताय ना? न्यायचीय."

"दिसत नाही, ब्रेक दाबलाय ते?" ती मैदानी आवाजात कडाडली. "जोर!"

कट्‌कन आवाज झाला, नट सुटला आणि घड्याळजी पाठीवर आडवे झाले. पडल्या पडल्या ते हसत होते. भंगारवाल्याने एकदा त्यांच्याकडे, एकदा बाईंकडे पाहिलं आणि मुकाट्याने हातगाडी वळवली.

"सुटला गं! उतर आता, ब्रेकचं काम संपलं."

"थांबा," ती रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली. "तो कोपऱ्यावरून वळू दे आधी." आणि तिने पाय आणखी घट्ट दाबला.